रोड बाइकची नवी चेन: आधी मागच्या चकत्या मोजा

सायकलच्या दुकानात जाऊन ‘चेन द्या’ म्हटलं की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, ‘किती स्पीड?’ नवखा माणूस ऐटीत सांगतो, ‘बावीस.’ सायकल घेताना त्याला तसंच सांगितलेलं असतं, त्यामुळे त्याचाही दोष नाही. पण २२ स्पीडची चेन बाजारात कुठेच मिळत नाही. पुढे पेडलपाशी २ चेनरिंग (दात्यांची मोठी चक्रं), मागे ११ चकत्या, असा तो २२ चा हिशेब. चेनला पुढच्या दोनाशी फारसं देणंघेणं नसतं. तिची रुंदी ठरते ती मागच्या ११ वरून.

खरं सांगायचं तर चेन निवडायला फार वाव नसतोच. मागे चकत्या किती आणि गियर कोणत्या कंपनीचे, या दोन उत्तरांनी बाजारातल्या बहुतेक चेन आपोआप बाद होतात. उरलेल्या तीन-चारांत महाग-स्वस्त करत बसण्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं: चेन वेळेवर बदलली का, आणि योग्य लांबीला कापली का. नवख्यांचे पैसे वाया जातात ते इथे. म्हणून इथे ब्रँडपेक्षा मोजपट्टीबद्दल जास्त बोलणार आहे.

१. वेळ झाली का, ते पट्टीने ठरवा

चेन वापरून लांब होते, पण त्यात पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. चेनच्या प्रत्येक जोडात एक पिन असते आणि आतली लिंक तिच्याभोवती फिरते. धूळ आणि तेल मिळून झालेली काळी लई तिथे जाऊन बसली, की पिन आणि तिच्याभोवतीची कड दोन्ही घासत राहतात. एका जोडातली झीज डोळ्यांना दिसणारही नाही, पण रोड बाइकच्या चेनमध्ये असे शंभराहून जास्त जोड असतात. सगळ्यांची झीज एकत्र झाली की चेन लांबते. मग ती दात्यांच्या तळाशी न बसता जरा वर चढून बसते आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाचे, दाते आपल्या मापाने झिजवून घेते. जुनी चेन आणि जुनी कॅसेट अशा रीतीने एकमेकींना सांभाळून घेतात. तक्रार सुरू होते ती नवी चेन घरात आल्यावर.

मोजायला महागडं हत्यार लागत नाही. चेनचं माप जगभर एकच आहे: एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. याचा अर्थ १२ इंचांत २४ लिंक. नव्या चेनवर कोणत्याही पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला, तर १२ इंचांची रेघ दुसऱ्या एका पिनच्या मध्यावरच पडते. शाळेच्या पट्टीवर मात्र १२ इंचांपुढे मोजायला जागाच उरत नाही, आणि आपल्याला बघायची असते ती नेमकी तिथून पुढची गंमत. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून २ फुटी स्टीलची पट्टी आणा. सायकल भिंतीला टेकवा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि पेडलवर किंचित भार द्या, म्हणजे वरची चेन ताठ होईल. चेनची ती बाजू चिंधीने पुसून घ्या, नाहीतर पिनचा मध्य कुठे आहे हेच कळत नाही.

आता शून्यावरच्या पिनपासून पुढची चोविसावी पिन १२ इंचांच्या किती पुढे सरकली आहे ते बघा. दीड मिलिमीटर, म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर झीज साधारण अर्धा टक्का. ११ आणि १२ स्पीडसाठी हाच इशारा, चेन बदला. ८, ९ आणि १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरपर्यंत चालतं. ३ मिलिमीटर पुढे गेली असेल तर १ टक्का झाला, आणि मग बहुधा कॅसेटही बदलावी लागणार. कॅसेट चेनपेक्षा महाग असते आणि पुढच्या चेनरिंग त्याहून महाग. वेळेवर चेन बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन आरामात निघतात.

चेन चेकर नावाची छोटी पट्टी मिळते, ती लिंकमध्ये अडकवली की झीज सांगते. घ्यायला हरकत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की दोन टोकांची साधी पट्टी रोलरचा (पिनेभोवती फिरणाऱ्या नळीचा) सैलपणाही झिजेत धरते, त्यामुळे ती जरा लवकर ओरडते. शिमानोचा टीएल-सीएन४२ किंवा पार्क टूलचा सीसी-४ यांसारखे तीन ठिकाणी टेकणारे चेकर रोलरचा खेळ वगळून मोजतात. शंका आली तर स्टीलच्या पट्टीवर भरवसा ठेवा.

‘किती किलोमीटरला बदलू?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ३ ते ५ हजार असं साधारण बोललं जातं, पण हा आकडा फार धरून बसू नका. उन्हाळ्यात कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याची चेन आणि जून ते सप्टेंबर ताम्हिणी किंवा वरंध घाटात भिजलेली चेन यांचं वय एकच असलं तरी झीज एक नसते. कोकणातली आणि महाबळेश्वरकडची तांबडी माती चेनमध्ये शिरली की ती पॉलिश पेपरचं काम करते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पट्टी लावून बघा.

२. मागच्या चकत्या मोजा, दाते नव्हे

मागच्या चाकावर एकमेकींना लागून असलेल्या चकत्या मोजा. शिमानोच्या रोड गियरचं नाव माहीत असेल तर आकडा त्यातूनही कळतो. सध्या रस्त्यावर दिसणाऱ्या पिढ्यांत क्लॅरिस ८ चं, सोरा ९ चं, टियाग्रा १० चं. १०५ हे नाव जरा फसवं आहे. आर७००० मालिका ११ ची होती, तर आर७१०० आणि इलेक्ट्रॉनिक आर७१५० या १२ च्या आहेत. नावावर जाऊ नका, बोट लावून मोजा.

चकत्या वाढत गेल्या तशी त्यांच्यातली फट कमी होत गेली आणि चेनची बाहेरची रुंदी घटत गेली. ६, ७ आणि ८ स्पीडची चेन बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर असते, ९ ची ६.६ च्या आसपास, १० ची ६ च्या आत-बाहेर, ११ ची साडेपाच आणि १२ ची सव्वापाच. दिसायला सगळ्या सारख्या, फरक मिलिमीटरच्या अंशाचा, पण गियरसाठी तेवढा पुरेसा आहे. ८ ची चेन ११ च्या कॅसेटवर घातली तर ती शेजारच्या चकतीला घासत आवाज करते आणि मनाला येईल तेव्हा गियर बदलते. उलट, एक पायरी अरुंद चेन, जसं ८ वर ९ ची, बहुतेक वेळा निभावून जाते. अडचणीच्या वेळी ठीक, मुद्दाम तसं करण्यात फायदा काहीच नाही.

गल्लीतल्या सायकलवाल्याकडे टांगलेली चेन बहुधा दूधवाल्यांच्या काळ्या सायकलची असते. तिच्याही पिनांत अर्धाच इंच अंतर असतं, म्हणून हातात घेतली तर ‘सेमच आहे की’ असं वाटतं. पण ती आतून १/८ इंच रुंद असते, गियरवाल्या सायकलची ३/३२ इंच किंवा त्याहून थोडी कमी. ती चेन गियरवर चालत नाही, त्याने कितीही समजावलं तरी.

मोजण्याच्या नियमाला एक अपवाद आहे. शिमानोची क्यूज नावाची मालिका ९, १० किंवा ११ स्पीडमध्ये येते, पण तिघींना चेन एकच लागते, एलजी५००. तुमच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेवर) क्यूज लिहिलेलं असेल तर ९ चकत्या मोजून सोरावाली चेन आणू नका.

३. गियर कोणत्या घराण्याचे?

११ स्पीडपर्यंत फारसं सोवळं पाळावं लागत नाही. शिमानोच्या ११ च्या कॅसेटवर केएमसीची एक्स११ बिनतक्रार चालते. केएमसी ही तैवानची कंपनी चेनच्याच धंद्यात मुरलेली आहे. अनेक नव्या सायकलींवर मुळात तिचीच चेन असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

१२ ला मात्र घराणी वेगळी झाली. शिमानोच्या १२ च्या चेनमध्ये आतल्या पट्ट्या जरा पुढे काढलेल्या असतात, गियर बदलताना दाता लवकर सापडावा म्हणून. नवख्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की शिमानोने १२ स्पीडच्या रोड बाइकसाठी वेगळी चेन काढलीच नाही, माउंटन बाइकवालीच दिली. १०५ ला एम७१००, अल्टेग्राला एम८१००, ड्युरा-एसला एम९१००. खोक्यावर ‘एम’ बघून परत करायला धावू नका.

स्रॅम कंपनीच्या एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक रोड गियरची गोष्ट आणखी निराळी. तिथे २०१९ पासून फ्लॅटटॉप चेन आहे. तिची एक कड सपाट असते आणि रोलर इतरांपेक्षा मोठे. तिच्या जागी शिमानो किंवा केएमसीची साधी १२ ची चेन चालत नाही, आणि स्रॅमची स्वतःचीच माउंटन बाइकची ईगल चेनही चालत नाही. कॅम्पॅग्नोलो ही आणखी एक गियर कंपनी आपल्याकडे इतकी कमी दिसते, की ज्याच्याकडे ती आहे त्याला हा लेख वाचायची गरज नसावी.

४. स्वस्त, मधली की महाग?

११ स्पीडचं उदाहरण घेऊ. शिमानोत तीन पायऱ्या आहेत: एचजी६०१, एचजी७०१ आणि एचजी९०१. वर जावं तसं जास्त भागांवर घर्षण कमी करणारा लेप येतो आणि सगळ्यात वरच्या चेनमध्ये पिना पोकळ होतात. केएमसीकडेही असंच, नावापुढे ‘एसएल’ आलं की पोकळ पिना, पट्ट्यांना भोकं आणि वजनात थोडी बचत. ही बचत ग्रॅममध्ये असते. भरलेल्या पाण्याच्या बाटलीतून दोन घोट प्यायलात तरी तेवढं वजन उतरतं.

माझं मत विचाराल तर नव्याने सायकल चालवणाऱ्याने सगळ्यात वरची चेन घेऊ नये. तेवढ्या पैशांत मधल्या किंवा खालच्या पायरीच्या दोन चेन घ्याव्यात आणि दुसरी कपाटात ठेवावी. दुसरी हाताशी असली की पहिली वेळेवर निघते, ‘अजून एक रविवार चालेल’ असं होत नाही. अपवाद किनाऱ्याचा. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत राहत असाल तर गंजाविरुद्ध लेप असलेल्या चेनसाठी थोडे जास्त मोजा. केएमसी अशा चेनच्या नावापुढे ‘ईपीटी’ लिहिते. साधी काळपट चेन तिथे पावसाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झालं तरी तांबूस पडते.

ऑनलाइन घेताना एक गोष्ट जपा. शिमानोच्या नकली चेन खोक्यासकट बाजारात आहेत. नेहमीच्या किमतीच्या निम्म्याला कुणी एचजी९०१ देत असेल तर तो दानशूर नसतो. विक्रेत्याचं नाव बघा, खोक्यावरची छपाई बघा, आणि चेनवर कोरलेली अक्षरं सगळीकडे एकसारखी, स्वच्छ उमटली आहेत का ते बघा. ओळखीच्या दुकानात शंभर-दोनशे जास्त गेले तरी तिथे परत जाऊन विचारता येतं.

खोकं उघडायच्या आधी एक बघा: आत जोडायला काय दिलंय? कधी क्विक लिंक (दोन तुकड्यांची, हाताने जोडता येणारी लिंक) असते, कधी शिमानोची टोक तोडायची पिन. नवख्याला क्विक लिंकच सोयीची. ती खोक्यात नसेल तर वेगळी घ्या, पण त्याच स्पीडची. ११ च्या चेनला १० ची क्विक लिंक सैल बसते आणि नेमकी चढावर जोर लावताना सुटते. आणखी एक: शिमानो आणि स्रॅम आपल्या ११ आणि १२ च्या क्विक लिंक एकदाच वापरायच्या म्हणतात. केएमसीच्या काही पुन्हा वापरता येतात, काही नाहीत, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

५. किती कापायची?

नवी चेन बहुधा ११४, ११६ किंवा ११८ लिंकची येते. रोड बाइकला एवढी लागत नाही, कापावी लागते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पुष्कळ जण जुनी चेन खिळ्याला टांगतात, शेजारी नवी टांगतात आणि खालच्या टोकाशी टोक जुळवून कापतात. जुनी चेन झिजून लांबली आहे म्हणूनच तर आपण ती काढली. १०८ लिंकच्या चेनची झीज १ टक्का असेल तर ती एका पूर्ण लिंकएवढी लांब झालेली असते. टांगून मापायचं असेल तर टोकं जुळवू नका, लिंक मोजा. पाच-पाचच्या गटाने बोट ठेवत जा, खडूने खूण करा, दोनदा मोजा.

लिंक मोजण्याची रीत अशी: आतली एक लिंक हा १, बाहेरची एक लिंक हा १. क्विक लिंक ही बाहेरची लिंक आहे, तीही १ धरायची. म्हणजे जुनी चेन क्विक लिंकसकट १०८ ची असेल तर नवी १०७ ला कापायची आणि तिची दोन्ही टोकं आतल्या लिंकची असायला हवीत. उरलेला १ म्हणजे नवी क्विक लिंक. पिनने जोडणार असाल तर १०८ ठेवायची, एक टोक आतलं, एक बाहेरचं. चेन ब्रेकर (पिन ढकलून चेन तोडायचं हत्यार) लावण्याआधी हे टोक कोणतं ते पुन्हा बघा. जास्त राहिलेली लिंक काढता येते, कापलेली परत जोडणं नसती भानगड.

जुनी चेन बरोबर लांबीची होती यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका, विशेषतः सायकल सेकंडहँड घेतली असेल किंवा मधल्या काळात कॅसेट बदलली असेल तर. पडताळणी अशी करा. चेन मागच्या डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा. दोन्ही टोकं ओढून जिथे भेटतात तिथून पुढे आणखी २ लिंक धरा. ती तुमची लांबी. शिमानोच्या काही जोड्यांत हा नियम थोडा बदलतो, त्यांची डीलर मॅन्युअल इंटरनेटवर फुकट आहेत, तुमच्या डिरेलरचा क्रमांक टाकून बघून घ्या.

कागदावर हिशेब करायचा असेल तर तोही सोपा आहे. क्रँकच्या (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्याच्या) मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर इंचांत घ्या आणि दुप्पट करा. त्यात मोठ्या चेनरिंगचे दाते भागिले ४, मागच्या मोठ्या चकतीचे दाते भागिले ४, आणि वर १ मिळवा. येणारा आकडा वरच्या पूर्ण इंचाला न्या. अंतर ४१० मिलिमीटर म्हणजे १६.१४ इंच, पुढे ५०, मागे ११-२८ ची कॅसेट (लहान चकती ११ दात्यांची, मोठी २८ ची), अशी सायकल घ्या. ३२.२८ अधिक १२.५ अधिक ७ अधिक १, म्हणजे ५२.७८. वर नेले की ५३ इंच, म्हणजे १०६ लिंक.

आता याच सायकलवर सिंहगडासाठी कुणी ११-३२ ची कॅसेट बसवली. ७ च्या जागी ८ आले, बेरीज ५३.७८, वर नेले की ५४ इंच, १०८ लिंक. एक इंच चेन कमी पडली. सपाटीवर काहीच कळत नाही. घाटात पुढे मोठी चेनरिंग असताना चुकून मागे ३२ वर गेलात की डिरेलर पार ताणला जातो, हँगर (डिरेलर अडकवलेला फ्रेमचा तुकडा) वाकतो, आणि वाईटच नशीब असेल तर डिरेलर आऱ्यांत जातो. म्हणून कॅसेट मोठी करणार असाल तर चेनची लांबी त्याच वेळी ठरवा, आधी चेन कापून मोकळे होऊ नका.

६. बसवणं

हत्यारं तीन: चेन ब्रेकर, क्विक लिंकचा पक्कड आणि एक जुना आरा. सायकलच्या दुकानात तुटलेले आरे फुकट मिळतात. त्याची दोन्ही टोकं वाकवून हूक करा. चेनची दोन टोकं त्यात अडकवली की हात मोकळे होतात आणि चेन डिरेलरच्या स्प्रिंगने निसटून जमिनीवर पडत नाही.

जुनी चेन काढण्याआधी मोबाइलवर मागच्या डिरेलरचा जवळून फोटो काढा. चेन तिथे दोन छोट्या चाकांतून नागमोडी जाते, आणि बहुतेक डिरेलरमध्ये त्या दोन चाकांच्या मध्ये पिंजऱ्याला एक बारीकसा पत्र्याचा काटा असतो. चेन त्याच्या आतल्या अंगाने जायला हवी. बाहेरून गेली तरी चेन फिरते, गियरही बदलतात, फक्त सतत खरखर येत राहते आणि माणूस आठवडाभर गियरची तार आवळत बसतो. फोटो असेल तर हा घोळ होत नाही.

मग पुढे सगळ्यात लहान चेनरिंग आणि मागे सगळ्यात लहान चकती, अशी गियरची जागा ठेवा. चेन पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यातून ओवून मागे न्या. शिमानोच्या ११ च्या चेनवर अक्षरं असलेली बाजू सायकलच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे तुम्ही उजवीकडे उभे असाल तर तुमच्याकडे. फ्लॅटटॉपची सपाट कड चेनच्या वळशाच्या बाहेरच्या बाजूला. क्विक लिंकवर बाण असेल तर तो चेन चालते त्या दिशेला.

क्विक लिंकचे दोन तुकडे एक या बाजूने, एक त्या बाजूने घालून एकमेकांत अडकवा. क्रँक फिरवून ती लिंक वरच्या चेनवर, मागचं चाक आणि चेनरिंग यांच्या मध्ये आणा. मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि पेडलवर जोर द्या. ‘टक्’ असा आवाज येतो आणि लिंक पूर्ण बसते. दोन्ही बाजूंनी नीट बघा, पिनेची डोकी खाचेच्या टोकाला गेली आहेत का. अर्धवट बसलेली क्विक लिंक कधी ना कधी रस्त्यात दगा देते.

शेवटी पेडल उलटं फिरवत चेन डिरेलरच्या छोट्या चाकांतून जाताना बघा. एखाद्या ठिकाणी ती टुणकन उडत असेल तर तिथली लिंक कडक आहे. दोन्ही हातांनी ती लिंक बाजूला किंचित वाकवली की मोकळी होते.

७. पहिली फेरी आणि नंतर

नवी चेन जुन्या कॅसेटवर बसली का, हे स्टँडवर कळत नाही, जोर लावल्यावर कळतं. शांत रस्त्यावर, सौम्य चढावर, तुम्ही रोज ज्या मधल्या दोन-तीन गियरमध्ये असता नेमक्या त्यांतच जोर लावून बघा. बसूनच, उभं राहून नको. पेडल अचानक सटकून पुढे गेलं तर त्या चकत्या झिजल्या आहेत, आणि नवी चेन कितीही चांगली असली तरी ती त्यांच्यावर टिकणार नाही. ‘शंभर किलोमीटर चालवा, बसेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गर्दीच्या चौकात सटकलेलं पेडल गुडघा आणि दात दोन्ही फोडू शकतं. कॅसेट बदला.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) किंवा लांबचा दौरा ठरला असेल तर चेन आदल्या रात्री बदलू नका. आधी दोन-तीन साध्या फेऱ्या होऊ द्या. साडेतेरा तासांची मुदत असलेल्या राइडमध्ये सटकणाऱ्या गियरबरोबर घाट चढणं ही शिक्षाच आहे.

खोक्यातून आलेल्या चेनला कंपनीचं ग्रीस असतं, ते चांगलं वंगण आहे. नवी चेन रॉकेलमध्ये बुडवून धुण्याची घाई करू नका, फक्त बाहेरून कोरड्या चिंधीने पुसा. मेणाचं वंगण वापरणार असाल तरच ते ग्रीस पूर्ण काढावं लागतं, कारण ग्रीसवर मेण धरत नाही. पुढे जुनी झालेल्या चेनला धुवायला रॉकेल किंवा डिझेल चालतं, गॅसच्या शेगडीपासून लांब, आणि धुतल्यावर पूर्ण वाळवून मगच तेल.

तेलाचा नियम हवामानाचा. उन्हाळ्यात नागपूर, सोलापूरकडच्या धुळीत पातळ, कोरडं वंगण. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आणि कोकणात जाडसर, पाण्याने न धुपणारं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, चार-पाच वेळा पेडल उलटं फिरवणं, दहा मिनिटं थांबणं आणि मग बाहेरचं तेल पुसून टाकणं. नवखे लोक पुसायचंच विसरतात. वर राहिलेलं तेल चेनला वंगण देत नाही, फक्त धूळ धरून ठेवतं. मोटरसायकलचं काळं वापरलेलं तेल तर अजिबात नको, त्यात धातूचा कीस असतो.

चेन बदलल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर कुठेतरी लिहून ठेवा. स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये सायकलच्या भागांची नोंद करता येते, नाहीतर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं तरी चालतं. कापून उरलेल्या लिंक फेकू नका. त्यांतल्या दोन-चार आणि त्याच स्पीडची एक जादा क्विक लिंक सॅडल बॅगमध्ये टाका, पंक्चरच्या सामानाबरोबर. मल्टीटूलला चेन ब्रेकर आहे का तेही एकदा बघा. नसेल तर छोटा वेगळा मिळतो. मुळशीच्या पुढे चेन तुटली तर चहा मिळेल, वडापाव मिळेल, ११ स्पीडची क्विक लिंक मिळणार नाही.